सायकलीचा पोळा

रागाच्या भरात लिहू नये, असं शहाणी माणसं सांगतात. त्या शहाण्यांना एकदा पोळ्याच्या दिवशी सायकल देऊन आमच्या बोथच्या मुलखात सोडा, मग बघू कोणाचं शहाणपण किती टिकतं. मी तर रागातच लिहिणार. परतून आठवडा झाला. तळपायाची आग मस्तकात गेली ती तिथंच बिऱ्हाड करून राहिली आहे.

ज्यांनी इकडची वाट पाहिली नाही त्यांना आधी ओळख करून देतो. हैदराबादहून नागपूरला जाणाऱ्या हमरस्त्यावर इचोडा लागतं. ट्रक, धाबे, टायरची दुकानं, आणि सगळ्यांवर सारखी बसलेली धूळ. तिथून आतल्या अंगाला एकीकडे बोथ, दुसरीकडे बाजारहत्नूर. मधे काळी माती, कापूस, ज्वारी, सागाचे डोंगर आणि सरकारला लाज वाटेल असा रस्ता. सरकारला वाटत नाही, हा भाग वेगळा.

मी बोथला रेडिओ दुरुस्त करतो. आदिलाबादेत लोक टीव्हीच्या मागे लागले असले तरी आमच्या खेड्यांत अजून रेडिओच बोलतो, आणि तो बोलेनासा झाला की मला बोलावणं येतं. त्यामुळे माझी फिरती सगळी सायकलवर. फिरून आलो की जे पाहिलं ते मी खडूनं फळ्यावर लिहितो. फळा म्हणजे किसनरावांच्या खत-बियाण्याच्या दुकानाची बाहेरची भिंत. काळा रंग मीच फासला. समोर बस थांबते. बसची वाट पाहणाऱ्या माणसाला दुसरं काम नसतं, म्हणून माझे वाचक भरपूर. वाघ माझ्याशी शर्यत लावून धापा टाकत खाली बसला ते मी तिथंच लिहिलं. कडेम नदीच्या पुरात सायकल पोहून पलीकडे गेली आणि मी शेपटाला धरल्यासारखा कॅरियर धरून मागे गेलो, तेही लिहिलं. कंडक्टर लोक वाचत आणि पुढच्या गावांना सांगत. सांगताना दोन-चार वाघ आपल्या पदरचे घालत, पण त्याला माझा इलाज नाही.

हा फळा सुरू झाला गेल्या वर्षी, पोळ्याच्या दिवशी. सगळं गाव आपापले बैल नटवण्यात गुंग. माझ्या घरी ना शेत, ना बैल. चिडून सायकल काढली, पोचेराच्या धबधब्यापर्यंत जाऊन आलो आणि भिंतीवर लिहिलं: "ज्याला बैल नाही त्यानं काय करावं? माझा बैल हाच. रंग हिरवा, शिंगं दोन, चारा लागत नाही." लोक हसले. फळा सुरू झाला. मीच लिहिलेलं हे एक वाक्य वर्षभर दबा धरून बसेल आणि नेमकं फळ्याच्या वाढदिवसाला माझ्या नरडीवर उडी घेईल, हे मला काय ठाऊक.

बोथ: पोळ्याच्या आदला दिवस

वर्ष भरत आलं तेव्हा मी ठरवलं, फळ्याचा वाढदिवस सायकल फेरीनं करायचा. बोथहून इचोडा, तिथं बहिणीकडे मुक्काम, पोळ्याच्या सकाळी बाजारहत्नूर, आणि पोळा फुटायच्या आत परत बोथ. पोळा फुटणं म्हणजे काय ते सांगतो. संध्याकाळी गावातले सगळे बैल आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली रांगेनं उभे राहतात, तोरण तोडलं की बैल सुटतात आणि दारोदारी पूजेला जातात.

किसनराव गल्ल्यावर बसून हे ऐकत होते. हा माणूस पोत्यासारखा बसतो आणि सुईसारखा बोलतो.

"मधा," ते म्हणाले, "तू कुठी फिरत नाईस बे. इचोड्याच्या धाब्यावर खाटीवर लोळतं अन् इथी येऊन वाघाच्या गोष्टी लिवतं."

"मग ही सायकल कोण झिजवतं? तुमचे बैल?"

"ते मले नाई मालूम. पण ह्या भितीवर मले कपाशीच्या बियाण्याचं चित्र काढाचं हाय. कंपनीवाला रंग घेऊन बसला तिकडे. तुया वाघापाई माई भीत अडकून पडली."

वाद वाढला. बसची वाट पाहणारे सगळे पंच झाले. शेवटी किसनरावांनी इकरार सांगितला, जुन्या पटवाऱ्यासारखा आवाज काढून: "नाल्याले उतरजो, चढाले उतरजो, ते माफ. पण उद्या गावात शिरशीन ते सीटवर बसून शिरजो. पोळा फुटाच्या आंधी. पायी आला ते फळा माया."

मी हो म्हणालो. का नाही म्हणणार? या रस्त्यानं मी डोळे मिटून, उलटा बसून, हातात सोल्डरिंगची कांडी धरून गेलो आहे. माझ्या भिंतीवरच्या काळ्या रंगाकडे एकदा पाहिलं आणि निघालो.

इचोडा: लोण्याचा घात

इचोड्यापर्यंतची वाट सांगण्यासारखी नाही. खड्ड्यांना आपापली नावं द्यावीत इतकी आमची ओळख आहे. धाब्यापाशी एका सरदारजी ट्रकवाल्यानं हटकलं, "मास्टर, आज शेर नहीं दौड़ा पीछे?" म्हणजे माझी कीर्ती पंजाबपर्यंत गेली होती. राग त्याचा नाही आला. राग पुढं आला.

माझी बहीण वच्छला हिचं सासर इचोड्याला, शेतकरी घर. संध्याकाळी मी पोचलो तेव्हा अंगणात बैलांची खांदेमळणी चालली होती. वर्षभर जू वाहून बैलाचा खांदा सुजतो, म्हणून पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी त्यावर लोणी आणि हळद चोळतात आणि त्याला दुसऱ्या दिवसाचं जेवणाचं आमंत्रण देतात. माणसाला देणार नाहीत इतक्या अदबीनं. मला ही रीत आवडते. आवडत होती.

मी हातपाय धुवायला मागच्या अंगाला गेलो. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी आणि वर तेलाची धार असं ताट समोर आलं, ते मी संपवलं, आणखी मागितलं, तेही संपवलं. सुस्तावून अंगणात आलो तर वच्छलेची सासू माझ्या सायकलसमोर उकिडवी बसलेली. हातात लोण्याची वाटी. सीट पिवळी, हॅंडल पिवळं, आणि म्हातारी आता मोठ्या मायेनं चाकाची कड चोळत होती. पुढचं झालं होतं, मागचं चाललं होतं.

"आत्याबाई, हे काय करून राह्यल्या?"

"खूर चोळून राह्यली. लय चालला बापा वर्षभर." मग सायकलकडे वळून ती म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

"अवो, तिथं ब्रेक लागते. चाक घसरन आता."

"घसरू दे. उद्या त्याले कुठी जाचं हाय?"

मी वच्छलेकडे पाहिलं. ती पदर तोंडाला लावून हसत होती. "तूच लिवलं ना दादा, माया बैल हाच म्हून. कंडक्टरनं सांगितलं तवापासून त्या म्हणून राह्यल्या, पोळ्याले आला ते त्याची खांदेमळणी आपून करू."

राख घेतली, माती घेतली, जुनं धोतर घेतलं आणि चाकं घासली. लोणी घरचं होतं, म्हशीचं. म्हशीचं घरचं लोणी एकदा लोखंडाला लागलं की ते निघत नाही, ते लोखंडात मुरतं. माझी सायकल पुढच्या तीन पिढ्या गंजणार नाही. ब्रेक मात्र लागत नव्हते.

बाजारहत्नूरच्या अलीकडे: वेसण

सकाळी निघालो. दारादारांत पळसाच्या फांद्या रोवलेल्या, घराघरांतून पुरण शिजल्याचा वास. कापूस मांडीएवढा झालेला, ज्वारीची पानं सळसळत होती. मन प्रसन्न व्हावं अशी सकाळ. ते पहिल्या नाल्यापर्यंत झालं. नाल्याला उतार आहे. मी ब्रेक दाबले. ब्रेकांनी चाकाला प्रेमानं गोंजारलं आणि सोडून दिलं. सायकल नाल्यात, मी नाल्यात, आणि काळी माती माझ्या कानांत. पलीकडे एक म्हैस डुंबत होती, ती उठून गेली. तिच्याच जातीच्या लोण्यानं हे घडवलं होतं, तिला लाज वाटली असावी.

मडगार्डातला चिखल काटकीनं काढत, शिव्या देत, बाजारहत्नूरच्या अलीकडच्या एका गावाशी आलो. नाव सांगत नाही. तिथले रेडिओ अजून बिघडायचे आहेत. वेशीतच लिंबाजी पाटलानं हात आडवा केला. सत्तरीचा, ताठ, मिशा हॅंडलसारख्या. याचा रेडिओ मी चारदा दुरुस्त केलेला, म्हणून मी आदरानं थांबलो. पायानं, कारण ब्रेक नव्हते.

"मधाभाऊ, खाली उतरा."

"काऊन?"

"आज पोळा हाय. पोळ्याच्या दिशी बैलावर बसते का कोनी?"

मला वाटलं थट्टा. हसलो. तो हसला नाही. मागची दहा-पंधरा माणसंही हसली नाहीत. त्यांच्या मागे बैल उभे होते, रंगवलेल्या शिंगांना बेगड लावलेले, पाठीवर झुली, आणि तेही हसत नव्हते.

"पाटील, ही सायकल हाय. लोखंड हाय."

"लोखंड हाय ते मले दिसते. पण बैल म्हून कोनं लिवलं? आमी लिवलं का?"

"ते लिहायची तऱ्हा असते."

"वाघ बी तऱ्हाच होता का मंग?" मागून कोणीतरी विचारलं. "पुरात पोहला ते बी तऱ्हाच?"

आता सांगा, काय उत्तर द्यावं? तऱ्हा होती म्हणालो तर वर्षभराचा वाघ मेला. नव्हती म्हणालो तर सायकल बैल ठरते. मी गप्प राहिलो. माझ्या आयुष्यात मी गप्प राहिल्याचे प्रसंग एका हाताच्या बोटांवर मोजता येतात आणि त्यातलं एकही बोट मला फळलेलं नाही.

मग त्यांनी सायकल माझ्या हातातून घेतली, अगदी मानानं. मला बाजेवर बसवलं, पुढ्यात पुरणपोळी, कढी आणि वडे ठेवले. मी रागानं जेवलो. रागानं माणूस जास्त जेवतो हे मला त्या दिवशी कळलं. जेवताना पाहत होतो. एकानं हॅंडलला गेरू लावला, दुसऱ्यानं बेगड चिकटवली, एका बाईनं आपलं जुनं लुगडं झूल म्हणून कॅरियरवर टाकलं. दिव्याच्या तोंडाला पुरणपोळीचा घास लावला. घंटी दिसल्यावर तर सगळे खूश, म्हणाले, घाटी याच्या गळ्यात आधीपासूनच हाय.

आणि मग लिंबाजीनं ते केलं. पोळ्याला बैलाची जुनी वेसण काढतात आणि नवी घालतात. लिंबाजी सायकलभोवती दोनदा फिरला, विचार केला, आणि पक्कड मागवली.

"पाटील, चेनले हात लावू नोका."

"जुनी झाली."

"चालते. मले पाह्यजे."

"आज ह्याले जू नाई, वेसण नाई. आज हा मोकळा." चेन निघाली. ती त्यानं फडक्यात गुंडाळली, घरात नेली, कोठीच्या खोलीत ठेवली आणि खोलीला कुलूप लावलं. हॅंडलला नवी रंगीत कासरी बांधून ती माझ्या हातात दिली. "चेन उद्या घेऊन जाजो. नेजो आता हळूहळू, पानी पाजत."

मी आरडलो. पोळा फुटायच्या आत सीटवर बसून गावात शिरायचं आहे म्हणालो, फळा जाईल म्हणालो, किसनरावांच्या बियाण्याचं चित्र येईल म्हणालो. लिंबाजीनं ते सगळं ऐकून घेतलं.

"फळा गेला ते गेला," तो म्हणाला. "पोळ्याले बैलाले राबवलं, ते वर्षभर गावावर बोल येते."

बाजारहत्नूरच्या बसथांब्यावर कंडक्टर भेटला, तोच, सगळ्या मुलखाला माझ्या गोष्टी सांगणारा. मी म्हणालो, सायकल टपावर टाक, मला बोथच्या अलीकडे उतरव. त्यानं कानांना हात लावले. "बैल बसवर चढवाले परवानगी नाई, अन्ना," तो म्हणाला आणि शिटी मारली. बस गेली. आतले सगळे खिडकीतून नमस्कार करत होते. मला नव्हे, सायकलला.

बोथ: तोरणाखाली

मग मी चाललो. बाजारहत्नूर ते बोथ, एका हातात कासरी, मागे बेगड लावलेली, लुगडं पांघरलेली सायकल. वाटेवरच्या प्रत्येक खेड्यात बायका तांब्या घेऊन आल्या, चाकावर पाणी घातलं, कुंकू लावलं, आणि मला विचारलं, "दूरून आनला का?" फुकट मान मिळाला की माणसाला बरं वाटतं म्हणतात. मला एकेका तांब्यागणिक किसनरावांचं तोंड दिसत होतं, आणि माझ्या काळ्या भिंतीवर फुललेली कपाशीची बोंडं. एक वर्ष खडूनं बोटं पांढरी केली. मला ना शेत, ना बैल. गावात माझी म्हणून एवढी भिंतच होती. तीही माझी नव्हती. हे चालता चालता लक्षात आलं आणि आणखी संताप आला.

ऊन कललं तेव्हा बोथच्या अलीकडचा उतार आला. त्या उताराच्या टोकाशी मैदान, मैदानात तोरण, आणि तोरणापलीकडे किसनरावांचं दुकान. वरून सगळं दिसत होतं. बैलांची रांग उभी होती. तोरण अजून तुटलं नव्हतं.

माझ्या डोक्यात वीज चमकली. उताराला चेन कशाला लागते? मी लुगडं बाजूला केलं, कासरी हॅंडलला गुंडाळली आणि सीटवर बसलो. पोळ्याला राबवलं म्हणू दे कोणाला म्हणायचं ते; मी कुठे पायडल मारत होतो? बैल आपणहून जात होता, मी फक्त वर होतो.

सायकल सुटली. देवाशपथ सांगतो, हमरस्त्यावरच्या ट्रकांना जे जमलं नाही ते तिनं केलं. बेगड फडफडली, घंटी आपोआप वाजू लागली. खाली लोकांनी माना वर केल्या. किसनराव आपल्या पांढऱ्या जोडीपाशी उभे होते, त्यांचं तोंड उघडलेलं मला एवढ्या वरून दिसलं. जिंकलो होतो. अजून थोडंच, वेशीचा दगड ओलांडला की झालं.

तेवढ्यात रांगेतला कडेचा गोऱ्हा रस्त्यावर आला. मी ब्रेक दाबले, आणि म्हातारीचं लोणी आठवलं.

गोऱ्ह्याच्या पोटात शिरायचं की कापसात उडी टाकायची, एवढंच हातात होतं. सण गोऱ्ह्याचा होता. मी उडी टाकली. दगड अजून पलीकडेच होता.

कापसातून डोकं वर काढलं तर सायकल थांबली नव्हती. ती एकटीच निघाली होती. गोऱ्ह्याला वळसा घातला, तोरणाखालून गेली, वाजंत्री थांबलेली, माणसं दोन्हीकडे सरलेली, आणि लुगडं उडवत, घंटी वाजवत थेट किसनरावांच्या दुकानापाशी जाऊन माझ्या फळ्याला टेकून उभी राहिली. पडली नाही. टेकून उभी राहिली.

मी लंगडत, चिखल ओघळत, पायी गावात शिरलो. रांगेतून एकानं तिथल्या तिथं झडती म्हटली. झडती म्हणजे पोळ्यात बैलवाले एकमेकांना टोमणे मारत म्हणतात ती यमकं:

"चाकं दोन, शिंगं दोन, शेपूट नाही बैलाले,
बैल आला धावत पुढं, मधा राह्यला यायाले!"

सगळा पोळा हसला. किसनराव हसले नाहीत. ते शांतपणे म्हणाले, "पायी आला ना बे? गवाही सारं गाव हाय. फळा माया." आणि तोरण तुटलं.

बैल घरोघर सुटले. किसनरावांची जोडी दुकानाला लागूनच असलेल्या त्यांच्या घराच्या दाराशी आली तेव्हा राधाकाकू, त्यांची बायको, ताट घेऊन बाहेर आल्या. त्यांनी जोडीचे पाय धुतले, ओवाळलं, पोळी चारली. मग तांब्या घेऊन सायकलपाशी गेल्या आणि चाकावर पाणी घातलं.

"अवो, ते सायकल हाय," किसनराव म्हणाले.

"दाराशी कोनं आनली?"

"कोनी नाई. आपोआप आली."

"आपोआप दाराशी आला तो बैलच. वर्षभर ओट्यावर बसून वाचून राह्यली मी, भितीवर लिवलं हाय." त्यांनी हॅंडलला कुंकू लावलं, दिव्याला पोळी लावली, आणि माझ्याकडे वळल्या. "मधाभाऊ, बोजारा काय देऊ?"

बोजारा म्हणजे बैल दारी आणणाऱ्याला घरधन्यानं खुशीनं द्यायचं ते. पोळ्याला त्याला नाही म्हणत नाहीत. किसनराव माझ्याकडे पाहत होते. मी चिखलानं माखलेलं बोट भिंतीकडे केलं.

"घ्या," राधाकाकू म्हणाल्या. "तसं बी ह्यांचं बियाणं उगवत नाई."

किसनरावांनी भिंतीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. मग म्हणाले, "ठेव. पण एक शर्त. आज घडलं ते लिवजो. जसंच्या तसं. त्यात एक वाघ दिसला ते भीत घेईन परत."

मी जसंच्या तसं लिहिलं. लोणी, वेसण, कुलूप, बस, गोऱ्हा, आणि सायकल एकटी येऊन फळ्याला टेकली ते. एक अक्षर पदरचं नाही. वर्षभरात पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आदिलाबादहून बस आली. परगावची माणसं उतरली, फळ्यासमोर थांबली, वाचू लागली. एक म्हातारा शेवटपर्यंत वाचून म्हणाला, "वाघाचं पटलं होतं बापा. हे मात्र लय फेकलं." बाकीचे हसत सुटले.

दुकानातून किसनराव उठून बाहेर आले. तो पोत्यासारखा माणूस उठला. "फेकलं नाई," ते म्हणाले. "म्या पाह्यली. एकलीच आली. इथी टेकली, ह्या जागी."

"तुमी बी त्याच्याच जोडीतले," म्हातारा म्हणाला.

"अबे, पोराच्या गळ्याची आन, म्या माया डोयानं पाह्यली..." किसनरावांचा आवाज चढला, मान लाल झाली. भिंतीवर हात आपटून ते जागा दाखवू लागले आणि जितकं दाखवत तितके लोक हसत.

आणखी कोणत्याही दिवशी मी हे पाहायला दिवसभर थांबलो असतो. पण मला लिंबाजीकडून चेन आणायची होती. पायी.